पहिल्या स्टेजचा गर्भाशयाचा कॅन्सर, ऑपरेशनही झालं. मग किमो कशासाठी? मोबाईलवर आलेला रिपोर्ट असा समजून घ्या



घरातल्या मोठ्या माणसाचं ऑपरेशन झालं की रिपोर्टची पीडीएफ कोणाच्या मोबाईलवर येते? बहुतेक वेळा आपल्याच. आपल्याला फाइल उघडता येते, इंग्रजी वाचता येतं, गुगल करता येतं. मग सगळे आपल्याकडे बघतात, "काय लिहिलंय रे त्यात?"

आज आपण अशाच एका रिपोर्टबद्दल बोलणार आहोत. गर्भाशयाचा कॅन्सर लवकर सापडला, ऑपरेशन करून पिशवी काढली आणि आठ-दहा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, "किमो द्यावी लागेल." किंवा म्हणाले, "काही द्यायची गरज नाही, फक्त तपासणीला येत राहा." दोन्ही वेळा घरात प्रश्न उभा राहतोच. असं का?

मी लोट्याचा. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करतो. बॅचचा रिपोर्ट वाचून पास की फेल हे सांगणं माझं रोजचं काम. माझ्या मावशीचं हे ऑपरेशन झालं तेव्हा घरात दोन गट पडले. मामा म्हणत होते, "पहिली स्टेज आहे, सगळं काढलंय, आता किमो कशाला? उगाच शरीराचे हाल." मावसबहीण म्हणत होती, "सेफ साइड म्हणून देऊन टाकू." ऐकायला दोघांचंही पटतं. पण हा निर्णय अंदाजावर होत नाही. तो रिपोर्टमधल्या पाच-सहा शब्दांवर होतो. हे शब्द कोणते आणि त्यांचा अर्थ काय, तेच आज पाहू.

टीप: मी डॉक्टर नाही. हा लेख वाचून औषध ठरवायचं नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं हे कळावं, इतकाच याचा उपयोग.

## आधी खात्री करा: कॅन्सर नेमका कुठला?

यूट्यूबवर "गर्भाशयाचा कॅन्सर" शोधलं की एचपीव्ही लस आणि पॅप टेस्टचे व्हिडिओ समोर येतात. ते बहुतेक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल असतात. तो आजार वेगळा आहे. आपण बोलतोय तो गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. रिपोर्टवर "एंडोमेट्रियल कार्सिनोमा" असं लिहिलेलं असतं. दोन्हींचं कारण वेगळं, उपचारही वेगळे. त्यामुळे एकाचा व्हिडिओ बघून दुसऱ्याबद्दल मत बनवू नका.

अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा पाळी थांबल्यानंतरच्या वयात होतो. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होणं हे त्याचं मुख्य लक्षण. हे लक्षण लवकर दिसतं, म्हणून हा आजार बऱ्याचदा सुरुवातीच्या स्टेजलाच सापडतो. वाढलेलं वजन, मधुमेह, इस्ट्रोजेन हार्मोनचा असमतोल आणि काही घरांत आनुवंशिकता ही त्याची माहीत असलेली मोठी कारणं. आमच्याकडे कोणालाही कॅन्सर झाला की पहिला प्रश्न येतो, "कंपन्यांच्या धुरामुळे का?" तो प्रश्न आपल्या जागी आहे. पण किमो द्यायची की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरत नाही.

## ऑपरेशननंतरची किमो म्हणजे काय?

ऑपरेशनमध्ये दिसणारी गाठ काढली जाते. पण डोळ्याला किंवा स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या काही पेशी आधीच बाहेर पडल्या असतील तर? त्या पुढे एक-दोन वर्षांत दुसरीकडे वाढू शकतात. त्यांना मारण्यासाठी ऑपरेशननंतर जो जादा उपचार देतात, त्याला ॲडज्युव्हंट उपचार म्हणतात.

म्हणजे "कॅन्सर उरलाय का?" हा इथला खरा प्रश्न नाही. खरे प्रश्न दोन आहेत:

- आजार परत येण्याचा धोका किती आहे?
- किमोने तो धोका खरंच कमी होईल का?

दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच किमोचा त्रास सोसण्यात अर्थ आहे. शिवाय किमो हा एकच पर्याय नाही. धोका अगदी कमी असेल तर नुसती नियमित तपासणी पुरते. मध्यम असेल तर बऱ्याचदा ब्रॅकीथेरपी देतात, म्हणजे योनीमार्गाच्या आतून थोड्या जागेपुरतं रेडिएशन. त्याहून जास्त असेल तर बाहेरून रेडिएशन, किमो किंवा दोन्ही.

## रिपोर्टमध्ये हे शब्द शोधा

ऑपरेशननंतर काढलेला भाग पॅथॉलॉजी लॅबमध्ये जातो. तिथून येणाऱ्या रिपोर्टला हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट म्हणतात. पीडीएफमध्ये सर्चचं बटण दाबून हे शब्द शोधा.

१. मायोमेट्रियल इन्व्हेजन. अस्तरातून कॅन्सर गर्भाशयाच्या स्नायूत किती खोल गेला. अर्ध्यापेक्षा कमी की अर्ध्याहून जास्त, हे महत्त्वाचं.

२. ग्रेड. पेशी किती बिघडलेल्या दिसतात. ग्रेड १ आणि २ म्हणजे सावकाश वाढणाऱ्या, ग्रेड ३ म्हणजे आक्रमक. स्टेज आणि ग्रेड या वेगळ्या गोष्टी आहेत. स्टेज सांगते आजार कुठवर गेला, ग्रेड सांगते तो कसा आहे.

३. हिस्टॉलॉजिक टाइप. "एंडोमेट्रिऑइड" हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. "सीरस", "क्लिअर सेल" आणि "कार्सिनोसार्कोमा" हे कमी आढळणारे, पण जास्त आक्रमक.

४. एलव्हीएसआय. गाठीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या का? "नाही", "थोड्या ठिकाणी" की "भरपूर", यात फरक पडतो.

५. लिम्फ नोड्स. तपासलेल्या गाठींपैकी किती गाठींत आजार आहे. "०/१२" म्हणजे १२ तपासल्या, एकीतही नाही.

६. पी-५३ आणि एमएमआर. हे वेगळ्या चाचणीतून कळतं. तिला आयएचसी म्हणतात. रिपोर्टमध्ये हे नसेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा. का, ते आता बघू.

## पी-५३ एवढा महत्त्वाचा का?

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने दाखवून दिलं की सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे गर्भाशयाचे कॅन्सर जनुकांच्या पातळीवर चार वेगवेगळ्या गटांचे असतात. आज त्यांची ओळख साधारण अशी आहे:

- पोल बदल असलेला: परत येण्याचा धोका सर्वांत कमी.
- एमएमआर बिघडलेला: धोका मधला.
- पी-५३ बिघडलेला: धोका सर्वांत जास्त.
- यांपैकी काहीच नसलेला: धोका मधला, बाकीच्या गोष्टींवर अवलंबून.

आता किमोचा फायदा कोणाला होतो ते पाहू. यावरचा मोठा अभ्यास म्हणजे पोर्टेक-३. त्यात जास्त धोका असलेल्या ६६० महिलांचे दोन गट केले होते. एका गटाला फक्त रेडिएशन, दुसऱ्याला रेडिएशन आणि किमो. पाच वर्षांनी फक्त रेडिएशनच्या गटात सुमारे ७६ टक्के महिला हयात होत्या, किमोच्या गटात सुमारे ८१ टक्के. म्हणजे शंभरात पाचेक जणींचा फरक.

पण हा सगळ्यांचा मिळून सरासरी आकडा झाला. पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजच्या महिला वेगळ्या काढल्या तर दोन्ही गटांत जवळपास फरक नव्हता. सीरस प्रकारात मात्र तो ठळक होता.

२०२० मध्ये याच अभ्यासातल्या ४१० महिलांच्या नमुन्यांची जनुकीय गटांनुसार विभागणी झाली. पाच वर्षं आजार परत न येता राहिलेल्या महिलांचं प्रमाण असं होतं:

- पी-५३ बिघडलेला: किमोसह ५९ टक्के, किमोशिवाय ३६ टक्के.
- पोल बदल असलेला: किमोसह १०० टक्के, किमोशिवाय ९७ टक्के.
- एमएमआर बिघडलेला: किमोसह ६८ टक्के, किमोशिवाय ७६ टक्के. म्हणजे किमोचा फायदा दिसला नाही.
- काहीच नसलेला: किमोसह ८० टक्के, किमोशिवाय ६८ टक्के.

हा आकड्यांचा तक्ता मी घरी मोबाईलवर दाखवला आणि दोन्ही गट गप्प झाले. मामांचं "कशाला" पोल गटाला लागू पडतं. मावसबहिणीचं "देऊन टाकू" पी-५३ गटाला लागू पडतं. मावशीची स्टेज पहिली होती, पण प्रकार सीरस, आजार स्नायूत शिरलेला आणि पी-५३ बिघडलेला. नुसती "पहिली स्टेज" बघून थांबलो असतो तर बाकीचं कळलंच नसतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पहिली स्टेज, एंडोमेट्रिऑइड प्रकार, ग्रेड १ किंवा २, अर्ध्यापेक्षा कमी खोली, एलव्हीएसआय नाही आणि पी-५३ नॉर्मल असेल तर साधारणपणे किमोही नाही आणि रेडिएशनही नाही. डॉक्टर अशा वेळी "काही नको" म्हणाले तर ते हलगर्जीपणा करत नाहीयेत.

## एकाच रिपोर्टला दोन वेगळ्या स्टेज कशा?

स्टेज ठरवण्याचे नियम फिगो नावाची जागतिक संस्था करते. तिचे २००९ चे नियम अनेक ठिकाणी अजून वापरात आहेत. २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्यांत जनुकीय गटही धरला. त्यामुळे स्नायूत शिरलेला आणि पी-५३ बिघडलेला कॅन्सर जुन्या नियमांत पहिल्या स्टेजचा असला तरी नव्या नियमांत दुसऱ्या स्टेजमध्ये जातो. एका डॉक्टरने "वन ए" लिहिलं आणि दुसऱ्याने "टू सी", तर लगेच कोणीतरी चुकलं असं समजू नका. "हे कोणत्या वर्षाच्या फिगोप्रमाणे?" एवढं विचारा.

## मोबाईलचा योग्य वापर असा करा

स्कॅन करा, फोटो नको. गुगल ड्राइव्हमधल्या स्कॅन पर्यायाने कागद सपाट ठेवून स्कॅन करा. नावात तारीख टाका, उदाहरणार्थ "२०२५-०६-१२ हिस्टोपॅथॉलॉजी". ऑपरेशनच्या नोट्स, डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे अक्षरं धूसर होत नाहीत.

भाषांतर ॲप जपून वापरा. "पी-५३ वाइल्ड टाइप" याचं शब्दशः भाषांतर "जंगली प्रकार" होतं आणि वाचणारा घाबरतो. खरा अर्थ नॉर्मल, म्हणजे चांगली बातमी. "ॲबरंट" किंवा "म्युटंट पॅटर्न" म्हणजे बिघडलेला. एमएमआरच्या पुढे "इन्टॅक्ट" किंवा "रिटेन्ड" म्हणजे शाबूत, "लॉस" म्हणजे बिघडलेला. नोड्स "निगेटिव्ह" हीसुद्धा चांगली बातमी.

एआय चॅटबॉटला काय विचारायचं? "या शब्दाचा अर्थ सोप्या मराठीत सांग" हे ठीक. "किमो देऊ की नको?" हे नको. रिपोर्ट अपलोड करण्याआधी नाव, फोन नंबर आणि हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक झाका. फॅमिली ग्रुपवरही पूर्ण रिपोर्ट टाकण्याआधी पेशंटला विचारा. आजार तिचा आहे, माहितीही तिचीच आहे.

ब्लॉक आणि स्लाइड विसरू नका. काढलेल्या भागाचे तुकडे मेणात जपून ठेवतात, त्यांना पॅराफिन ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या हॉस्पिटलला तपासणी पुन्हा करायची असेल किंवा पी-५३ ची चाचणी राहिली असेल तर हेच ब्लॉक लागतात. पीडीएफने ते काम होत नाही. लॅबकडे अर्ज केला की ते मिळतात. नेताना ऊन आणि उष्णतेपासून जपा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

## लोट्यासारख्या ठिकाणाहून दुसरं मत कसं घ्यायचं?

आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की रात्रीची गाडी पकडून परळचं टाटा हॉस्पिटल, हेच समीकरण. पण प्रत्येक प्रश्नासाठी मुंबई गाठायची गरज नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली ३०० हून जास्त हॉस्पिटलं आणि संस्था आहेत. उपचारांचे नियम सगळीकडे सारखे असावेत हा त्याचा हेतू. चिपळूण तालुक्यातलं डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल त्यातलंच. लोट्याहून परशुराम घाट उतरून, चिपळूण ओलांडून सावर्ड्याच्या बाजूला ते आहे.

शिवाय टाटा मेमोरियल आणि कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत "नव्या" या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या मागवता येतं. रिपोर्ट अपलोड करायचे आणि लेखी मत मिळतं. ते आपल्या डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवायचं. शुल्क आणि सवलत आधीच विचारून घ्या. इथेच तुमचं नीट स्कॅन केलेलं फोल्डर कामाला येतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: वेळ. ऑपरेशननंतरचा उपचार साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावा असा प्रयत्न असतो. दुसरं मत घ्या, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. ऑपरेशनची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि तिथून आठवडे मोजा.

## किमो ठरली तर काय होतं?

बहुतेक वेळा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधं सलाइनमधून देतात, दर २१ दिवसांनी. कार्बोप्लॅटिनमध्ये चक्क प्लॅटिनम धातू असतो. पॅक्लिटॅक्सेल मूळ सापडलं पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत. सहा किमो असतील तर पहिल्यापासून सहाव्यापर्यंत १०५ दिवस होतात, म्हणजे साडेतीन महिने. रेडिएशनही असेल तर वेळापत्रक बदलतं.

दर वेळी किमोआधी रक्त का तपासतात? एक कारण म्हणजे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत का ते बघणं. दुसरं म्हणजे कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीवर ठरतो. सूत्र साधं आहे: लक्ष्य आकड्याला किडनीचा जीएफआर अधिक २५ ने गुणायचं. लक्ष्य ५ आणि जीएफआर ७५ असेल तर ५ गुणिले १००, म्हणजे ५०० मिलीग्रॅम. जीएफआर ५५ वर आला तर तोच डोस ४००. म्हणून शेजारच्या काकूंना किती डोस दिला याची तुलना करून उपयोग नाही.

मोबाईलमध्ये या गोष्टी लावून ठेवा:

- २१ दिवसांचा रिमाइंडर आणि त्याच्या एक-दोन दिवस आधी रक्ततपासणीचा.
- तापाची नोंद. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन करून निघायचं.
- वॉर्डचा नंबर घरातल्या तिघांच्या फोनमध्ये. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली तर खेडच्या बाजूला कुठे जायचं, हेही आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.
- त्रासाची डायरी. केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात आणि उपचार संपल्यावर बहुतेकदा परत येतात. हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा मात्र लगेच सांगायचा. ब्लाउजचे हुक लावताना, मोबाईलवर टाइप करताना बोटं नीट चालत नाहीत, असं साधं वाक्य लिहून ठेवलं तरी डॉक्टरांना डोस बदलायला मदत होते.

## खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार, किमोसह, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये कॅशलेस मिळतात. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राच्या टेबलवर रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा. हेल्पलाइन १५५३८८. किमो सुरू होण्याआधी मंजुरी घ्यायची असते, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात उरका.

## हा रिपोर्ट तुमच्याबद्दलही असू शकतो

एमएमआर "लॉस" आलं तर आणखी एक प्रश्न विचारायचा: हे आनुवंशिक आहे का? बहुतेक वेळा नसतं. पण काही घरांत लिंच सिंड्रोम नावाचा बदल असतो. आईला तो असेल तर प्रत्येक मुलात, मुलगा असो की मुलगी, येण्याची शक्यता ५० टक्के. त्यात मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण आधी कळलं तर कोलोनोस्कोपीसारख्या नियमित तपासण्यांनी तो बराच आटोक्यात ठेवता येतो.

## डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न

याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

1. प्रकार, ग्रेड, खोली, एलव्हीएसआय आणि नोड्स, सगळं धरून धोका कमी, मध्यम की जास्त?
2. पी-५३ आणि एमएमआरची चाचणी झाली का? नसेल तर आहे त्या ब्लॉकवर करता येईल का?
3. किमोने आमच्या पेशंटच्या बाबतीत शंभरातल्या किती जणींना फायदा अपेक्षित आहे?
4. नुसती ब्रॅकीथेरपी किंवा नुसती तपासणी पुरेल का? नसेल तर का?
5. उपचार कोणत्या तारखेपर्यंत सुरू व्हायला हवा?

हे प्रश्न विचारताना पेशंटला बाहेर बसवू नका. मावशीने स्वतः तिसरा प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि "देऊया मग" म्हणाली. निर्णय तिचाच होता. आपलं काम तिच्यासमोर खरी माहिती मांडण्याचं.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कोणी सध्या असा रिपोर्ट हातात घेऊन बसलं असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि घरात कोणाला पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होत असेल, तर लाजून वाट बघू देऊ नका. या आठवड्यातच त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.